एक पाटी रातांबे, तीन पदार्थ: अमृत कोकम, आगळ आणि आमसूल न बिघडवता कसं करायचं

अमृत कोकम (कोकमाचा साखरेचा पाक) आठवड्यात फसफसतं, आगळावर (कोकमाच्या खारवलेल्या रसावर) पांढरी साय धरते, मे महिन्यात खडखडीत वाटलेली आमसुलं (कोकमाची वाळवलेली साल) जुलैत डब्यात पाझरतात. या तिन्ही तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा पाण्यात असतं. कधी ते फळाच्या देठाशी अडकलेलं असतं, कधी पळीला लागलेलं, कधी झाकणाखाली साचलेलं, तर कधी पावसाळी हवेतून आलेलं. साखर, मीठ आणि ऊन ही तीन वेगळी साधनं असली तरी त्यांचं काम एकच आहे: सालीतलं पाणी यीस्ट-बुरशीच्या हाती लागू द्यायचं नाही. पुढचा सगळा क्रम याच धोरणावर बेतलेला आहे. हिशोब २० किलो पिकलेल्या रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा धरला आहे. गोव्याकडचे वाचक यालाच भिरंड म्हणतील.

१. भांडी आणि मोजमाप

कोकमाच्या रसाचा पीएच दोनच्या आसपास असतो. एवढी आंबट गोष्ट ॲल्युमिनियमला खाते. लोखंडाला लागली की सालीतला लाल रंग काळपट-निळसर होतो आणि परत लाल होत नाही. म्हणून:

- अमृत कोकमासाठी काचेची किंवा चिनी मातीची बरणी, फूड-ग्रेड प्लास्टिकचा ड्रम किंवा चांगलं स्टेनलेस स्टीलचं पातेलं.
- आगळासाठी आणि आमसुलाच्या खाऱ्या रसासाठी फक्त बरणी किंवा प्लास्टिक. मीठ आणि आंबटपणा एकत्र आले की साध्या स्टीललाही महिनाभरात बारीक खड्डे पडतात.
- स्टीलची सुरी, कोरडी लाकडी पळी, नायलॉनची जाळी, धुऊन वाळवलेलं मलमलचं फडकं.
- दोन वजनकाटे. एक किलोंचा, दुसरा ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा. दुसरा परिरक्षकासाठी, म्हणजे पाक टिकवणाऱ्या पावडरीसाठी लागतो. तिथे चमच्याचा अंदाज चालत नाही.
- रिफ्रॅक्टोमीटर (पाकातली साखर मोजायचं उपकरण) घेणार असाल तर ५८ ते ९० ब्रिक्सचा (ब्रिक्स म्हणजे साखरेचे साधारण टक्के) किंवा ४५ ते ८२ चा घ्या. बाजारात स्वस्त मिळणारा ० ते ३२ चा फळांच्या रसासाठी असतो, पाकात तो काहीच दाखवत नाही.

भांडी आदल्या दिवशी गरम पाण्याने धुऊन उन्हात पालथी ठेवा. पुसून कोरडं केलेलं आणि वाळून कोरडं झालेलं यात फरक आहे. बरणीच्या गळ्यातला ओलावा फडक्याने निघत नाही.

२. फळ निवडणं

पूर्ण लाल ते जांभळट, पण दाबल्यावर घट्ट लागणारं फळ हवं. हिरवट छटा असेल तर रंग कमी आणि चीक जास्त. जमिनीवर पडलेलं, फुटलेलं, पहिल्या वळवाच्या सरीत भिजून तडकलेलं फळ वेगळं काढा. दापोलीच्या बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीची साल जाड असते आणि फळ पावसाआधी हाती येतं, त्यामुळे ते या कामाला सोयीचं आहे. रायवळ रातांबे घेत असाल तर पातळ सालीची फळं आगळाकडे वळवा.

इथेच पहिली मोठी चूक होते. चांगली फळं आमसुलाला ठेवून मऊ, उतरलेली फळं साखरेत टाकली जातात, कारण 'साखरेत सगळं खपतं'. खपत नाही. पहिले दोन दिवस साखर पूर्ण विरघळलेली नसते, बरणीत जागोजागी पातळ रस असतो आणि मऊ फळाबरोबर आलेलं यीस्ट नेमकं तिथे वाढतं. मीठ मात्र लवकर विरघळतं. म्हणून वाटणी अशी करा: सगळ्यात घट्ट, जाड सालीची फळं अमृत कोकमाला, मध्यम आणि आकाराने सारखी आमसुलाला, मऊ पण न सडलेली आगळाला. वास आंबूस-दारूसारखा येत असेल तर ते फळ कशालाच नको.

फळं काढल्यापासून दोन दिवसांच्या आत कापायला घ्या. तोवर पोत्यात नाही, पाटीत किंवा क्रेटमध्ये, सावलीत.

३. धुणं, सुकवणं, कापणं (याच क्रमाने)

फळ अख्खं असतानाच धुवायचं. दोन पाण्यांतून काढा, दुसरं पाणी पिण्याचं. मग जाळीवर एका थरात पसरून पंख्याखाली किंवा सावलीतल्या वाऱ्यात पूर्ण वाळू द्या. दोन-तीन तास सहज जातात. देठाजवळच्या खाचेत थेंब अडकून राहतो, तिथे फडक्याचा कोपरा फिरवा.

सावध: कापल्यानंतर साल धुऊ नका. कापलेल्या वाटीच्या आतल्या बाजूनेच रंग आणि आम्ल सुटतात. एका धुण्यात दोन्हींचा मोठा भाग मोरीत जातो, वर साल पाणी पिऊन येते.

आता फळ आडवं कापून दोन वाट्या करा. बी कापू नका. गर आणि बिया अंगठ्याने काढून वेगळ्या भांड्यात घ्या. हातमोजे घाला, नाहीतर नखं आठवडाभर जांभळी राहतात आणि आम्लाने कातडी सोलते.

तपासा: २० किलो फळांतून निम्म्याच्या आसपास, म्हणजे १० किलो साल निघायला हवी. आठ किलोच निघाली तर फळ पातळ सालीचं आहे. पुढची सगळी प्रमाणं हातात आलेल्या सालीवर मोजा, विकत घेतलेल्या फळावर नाही.

आपल्या हिशोबात १० किलो सालीची वाटणी अशी: ४ किलो अमृत कोकम, २ किलो आगळ, ४ किलो आमसूल. काम मात्र उलट्या बाजूने सुरू करा. आमसुलाच्या वाट्या सकाळी दहाच्या आत उन्हात गेल्या पाहिजेत, म्हणून ती फळं आधी कापा. साखर आणि मीठ दुपारी लावलं तरी चालतं. सगळं कापून मग उन्हाकडे वळणाऱ्यांचा पहिला दिवस फुकट जातो, आणि ओली साल रात्रभर ढिगात राहिली की कडेने बुळबुळीत होते.

४. अमृत कोकम: साखर लावणं

प्रमाण वजनाने १ किलो साल, २ किलो साखर. आपल्या ४ किलोंना ८ किलो. गंधकमुक्त रिफाइंड साखर मिळाली तर तीच घ्या. सल्फिटेशनच्या, म्हणजे गंधकाच्या वायूने स्वच्छ केलेल्या साखरेत उरणारा सल्फर डायऑक्साइड थोडा असला तरी कोकमाच्या रंगाचा वैरी आहे.

१) साखरेचे अंदाजे तीन भाग करा. एक भाग शेवटच्या थरासाठी बाजूला ठेवा.
२) बरणीच्या तळाशी साखरेचा बोटभर थर द्या.
३) वाट्या उताण्या लावा, प्रत्येक वाटीत साखर भरा. वर पुन्हा साखर, पुन्हा वाट्या.
४) सगळ्यात वर बाजूला ठेवलेली साखर. एकही वाटी उघडी दिसता कामा नये.
५) तोंडाला फडकं बांधा, वर सैल झाकण.

पुढचे सात ते आठ दिवस सकाळ-संध्याकाळ तळापासून वर ढवळायचं. वर आलेली साल खाली दाबली गेली पाहिजे. बुरशी नेहमी रसाच्या वर डोकावणाऱ्या सालीवरच धरते.

बरणी उन्हात ठेवायची रीत अनेक घरांत आहे. त्यातली ऊब उपयोगी आहे, ऊन नाही. कोकमाचा लाल रंग अँथोसायनिन गटातला आहे, तो उष्णता आणि उजेड दोन्हींनी विटतो. गच्चीत ठेवायचीच असेल तर बरणीभोवती जाड काळं कापड गुंडाळा. पत्र्याखालच्या उबदार खोलीत ठेवली तर त्याहून चांगलं.

चौथ्या-पाचव्या दिवशी हमखास घाबरायला होतं: तळाशी साखर तशीच दिसते. ताज्या सालीत सुमारे ८० टक्के पाणी असतं, म्हणजे १ किलो सालीत ८०० ग्रॅम. त्यात २ किलो साखर पूर्ण विरघळली तर पाक ७१ टक्क्यांचा होईल, आणि ३० अंश सेल्सिअसला पाणी साधारण ६८ टक्क्यांपर्यंतच साखर धरतं. शिवाय सालीतलं सगळं पाणी पहिल्या दिवशी बाहेर येत नाही. म्हणजे थोडी साखर शिल्लक राहणारच. मग कोकमाचं आम्ल हळूहळू साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे तुकडे करतं, असा मिश्र पाक जास्त साखर पेलतो आणि तळाचा थर आपोआप कमी होतो. या दिवसांत गडबड करून पाणी घालणारे पाक बिघडवतात, गॅसवर उकळणारे रंग घालवतात. ढवळत राहा, एवढंच.

प्रमाणाच्याही दोन ठरलेल्या चुका आहेत. 'एकास दोन' हे अख्ख्या फळावर धरलं तर सालीला चौपट साखर पडते. ती कधीच विरत नाही आणि पुढे बाटलीत खडे धरते. उलट 'गोड फार होतं' म्हणून बरोबरीने साखर घातली तर पाक ५५ टक्क्यांच्या आसपास थांबतो. तो फसफसायला मोकळाच. गोडी कमी करायची जागा पेला आहे, बरणी नाही.

तपासा: ढवळताना येणारे आणि लगेच फुटणारे बुडबुडे हवेचे असतात. न ढवळता कडेने बारीक फेस चढत असेल आणि वास दारूकडे झुकत असेल तर आंबायला सुरुवात झाली आहे. तो घाणा विकायला नको.

५. गाळणं, मोजणं, बाटलीत भरणं

साखर संपली आणि वाट्या आकसून चामट झाल्या की नायलॉनच्या जाळीतून गाळा. वाट्या रात्रभर निथळू द्या, पिळू नका. पिळल्याने सालीचा भुगा उतरतो आणि बाटलीच्या तळाशी गाळ बसतो. मग मलमलमधून दुसरं गाळण. ४ किलो साल आणि ८ किलो साखरेमागे साडेआठ ते नऊ किलो पाक हाती यावा.

आता मोजा. पाक ६५ ब्रिक्सच्या वर हवा, ६६ ते ६९ उत्तम. रिफ्रॅक्टोमीटर २० अंशांवर नेमलेला असतो. तापमानाची दुरुस्ती आपोआप करणारा नसेल तर ३० अंशांच्या पाकाला वाचलेल्या आकड्यात साधारण ०.८ मिळवा.

रिफ्रॅक्टोमीटर नसेल तर बाटली आणि काटा पुरतो. रिकाम्या बाटलीचं वजन घ्या. गळ्याशी खूण करून तिथपर्यंत पाणी भरा, वजन घ्या. बाटली पूर्ण वाळवून त्याच खुणेपर्यंत पाक भरा, पुन्हा वजन घ्या. पाकाचं निव्वळ वजन पाण्याच्या निव्वळ वजनाच्या १.३२ ते १.३४ पट आलं तर पाक बरोबर आहे. १.३० च्या खाली आलं तर तो पातळ आहे. मोजताना पाकात फेस नको, नाहीतर आकडा फसवतो.

पातळ निघाला तर आटवू नका, साखर वाढवा. १ किलो पाक ६२ वरून ६६ वर न्यायला सुमारे १२० ग्रॅम साखर लागते. ढवळून विरघळेना तर पातेलं कोमट पाण्यात ठेवा. पाक हाताला गरम लागता कामा नये.

परिरक्षक: घरच्यासाठी, फ्रीजमध्ये ठेवणार असाल तर गरज नाही. विक्रीसाठी किंवा बाहेर ठेवायला सोडियम बेंझोएट, १ किलो पाकाला ०.६ ग्रॅम. तीन गोष्टी पाळा.

- मोजणी किलोवर करा, लिटरवर नाही. या पाकाची ७५० मिलीची बाटली जवळपास एक किलोची भरते.
- पावडर थेट टाकू नका. आंबट पाकात ती एका जागी पडली की बेंझोइक आम्लाच्या पांढऱ्या कण्या सुटतात आणि सहजासहजी विरत नाहीत. ९ किलोंसाठी ५.४ ग्रॅम पावडर ५० मिली उकळून निवलेल्या पाण्यात विरघळवा आणि ढवळत ढवळत बारीक धारेने सोडा.
- पोटॅशियम मेटाबायसल्फाइट, म्हणजे बोलीभाषेतलं केएमएस, इथे वापरू नका. आंब्या-लिंबाच्या स्क्वॅशला ते चालतं. कोकमात त्यातून सुटणारा सल्फर डायऑक्साइड लाल रंग उडवतो आणि पाक फिका, पिवळट दिसायला लागतो. मग वरून रंग घालायचा मोह होतो.

जिरेपूड आणि मीठ बाटलीत घालायचं की पिताना? पिताना. पूड तळाशी बसते, आणि न भाजलेल्या पुडीबरोबर जंतू येतात ते वेगळंच.

काचेच्या बाटल्या पाण्यात २० मिनिटं उकळून, पालथ्या घालून पूर्ण वाळवा. पेट प्लास्टिकची बाटली उकळत्या पाण्यात आक्रसते, ती नवी आणि कोरडीच वापरा. पाक खोलीच्या तापमानाला आला की गळ्यापर्यंत भरा. कोमट पाक भरून झाकण लावलं की आत वाफ धरते, थेंब परत वरच्या थरावर पडतात आणि तेवढाच सुपारीएवढा थर पातळ होऊन बुरशी धरतो. बाकीची बाटली उत्तम असते, वर मात्र पांढरी टिकली. 'परिरक्षक घालूनही बिघडलं' या तक्रारीत बऱ्याचदा हेच निघतं.

लेबलवर परिरक्षक वर्ग दोन, आयएनएस २११ (सोडियम बेंझोएटचा क्रमांक) असा उल्लेख आणि एफएसएसएआय, म्हणजे अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा नोंदणी क्रमांक हवा. पिताना एक भाग पाकाला पाच ते सहा भाग पाणी.

६. आगळ

हे तुलनेने सोपं आहे. २ किलो सालीचे बोटभर तुकडे करा, सालीच्या १६ टक्के, म्हणजे ३२० ग्रॅम जाडं स्वच्छ मीठ चोळा, बरणीत दाबून भरा. दिवसातून दोनदा ढवळा. सात दिवसांनी गाळून, दाबून रस काढा. दीड लिटरच्या आत मिळेल. कोरड्या बाटलीत गळ्यापर्यंत भरा.

मीठ 'चवीपुरतं' घातलं की काम फसतं. ८ ते १० टक्के मिठात खाऱ्यातही वाढणारं यीस्ट वर साय धरतं. साय काढून टाकली तरी खालचा रस चवीला उतरलेला असतो. आगळ खारटच असायचं. सोलकढीत वेगळं मीठ घालायची गरज नाही, हे वापरणाऱ्याला सांगा.

७. आमसूल: पुटं आणि वाळवण

बिनमिठाची सोलं करायची असतील तर वाट्या नुसत्या वाळवायच्या. नेहमीच्या आमसुलाला मात्र पुटं द्यावी लागतात, म्हणजे वाट्या खाऱ्या रसात बुडवून पुन्हा पुन्हा वाळवाव्या लागतात. जेवढी साल तेवढाच गर-बियांचा लगदा घ्या, इथे ४ किलो. त्यात १० टक्के, म्हणजे ४०० ग्रॅम मीठ घालून चांगलं कालवा. सुटणारा खारा रस हा पुटाचा रस. तो रोज ढवळा आणि झाकून ठेवा.

१) पहिला दिवस: वाट्या जमिनीपासून दीड-दोन फूट उंच जाळीवर एका थरात, उताण्या. संध्याकाळी घरात.
२) वाट्या चामड्यासारख्या वाकायला लागल्या की रात्री पुटाच्या रसात बुडवा. ओल्या असताना बुडवल्या तर रस पीत नाहीत, अगदी कडक झाल्या तर वरच्यावर चिकटतो.
३) सकाळी निथळून पुन्हा जाळीवर. सकाळी उताण्या, म्हणजे वाटीतला रस गळत नाही. दुपारनंतर पालथ्या.
४) असं चार ते पाच वेळा. शेवटच्या पुटानंतर सलग दोन-तीन दिवस फक्त ऊन.

जमिनीवरच्या प्लास्टिकवर वाळवणाऱ्यांची खालची बाजू घाम धरते. वरून काळी, कुरकुरीत दिसणारी आमसुलं मग आतून ओली निघतात.

ड्रायर असेल तर ५० ते ५५ अंश. लवकर व्हावं म्हणून ७० वर नेलं की बाहेरची कातडी कडक होते, आतलं पाणी अडकतं आणि रंग जांभळ्या-काळ्याऐवजी तपकिरी होतो. अशी आमसुलं पॅकिंगच्या दिवशी सुकी वाटतात आणि आठवड्याने पिशवीत मऊ पडतात.

तपासा: जाड भागाची एक वाटी मोडून पाहा. मधे ओलसर चमक दिसली तर अजून वाळवा. मूठभर आमसुलं घट्ट दाबून सोडा. ती एकमेकांना चिकटून गोळा राहता कामा नये. बिनपुटाच्या सोलांना वजनाची कसोटी लावता येते: १ किलो ताज्या सालीची २२५ ते २५० ग्रॅम भरली की झाली. पुट दिलेली यापेक्षा जड भरतात, कारण मीठ आणि रसातले घन पदार्थ वाढलेले असतात.

जुलैतलं पाझरणं मिठामुळेच होतं. हवेतली सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतून पाणी ओढून स्वतः विरघळतं, आणि कोकणात पावसाळ्यात ती दिवसेंदिवस त्याहून वर असते. म्हणून पॅकिंग मेअखेर, निरभ्र दिवशी, दुपारी करा. पातळ कॅरीबॅग चालणार नाही. जाड पिशवी सील करून हवाबंद डब्यात. घरात पाव किलोची लहान पाकिटं ठेवा, म्हणजे एक उघडताना बाकीच्यांना हवा लागत नाही. वर मिठाचा पांढरा थर दिसत असेल तर पुटं जास्त झाली आहेत, तो माल आधी संपवा.

८. उरलेलं

साखरेतून निघालेल्या वाट्या आमसूल म्हणून वाळवू नका. त्यातली आंबटी आणि रंग पाकात गेलेले असतात, आणि साखरेमुळे त्या चिकटच राहतात. बारीक चिरून गोड-आंबट तुकडे म्हणून ड्रायरमध्ये वाळवा किंवा चटणीला वापरा.

बिया त्याच दिवशी चोळून धुवा. गर चिकटलेली बी ढिगात राहिली की आंबते, आणि तिचं तेल खवट वासाचं निघतं. कडकडीत वाळवून, फोडून मगज वेगळा केला की मुठेल (कोकमाच्या बियांचं घट्ट तेल) काढता येतं. बीच्या वजनाच्या साधारण पाव हिस्सा मेद असतो आणि तो ४० अंशांच्या आसपास वितळतो, म्हणून खोलीत घट्ट वडी होते. खारवलेल्या लगद्यातल्या बिया मात्र दोन पाण्यांत जास्त धुवा. मीठ राहिलं तर बी वाळतच नाही.

बाटल्या भरल्यावर प्रत्येक घाण्यातली एक बाटली तारीख लिहून बाजूला ठेवा, उघडू नका. पंधरा दिवसांनी ती उजेडासमोर धरा. गळ्याशी टिकली, झाकण फुगलेलं किंवा तळाशी साखरेचे खडे दिसले तर त्या घाण्याच्या बाकीच्या बाटल्या आताच थांबवा.